पहिल्यांदा ग्रुप प्रोजेक्ट करणाऱ्या ज्युनिअरला
भावा, विषय ठरायच्या आधी चौघांचा वेळ विचार. कोण रोज जालन्याहून रेल्वेनं संभाजीनगरला येतो, कोण दिवाळीत कापूस वेचणीसाठी गावी अडकणार, हे पहिल्याच दिवशी कळू दे. एका कामाला एकच नाव लाव. ‘सगळे मिळून रिपोर्ट लिहू’ म्हटलं की कुणीच लिहीत नाही. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं माणसांना दोर ओढायला लावून १९१३ मध्येच हे मांडलंय: माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर घटतो. गप्प बसणाऱ्याला ग्रुपवर टोमणे मारू नको, चहाला ने. बहुतेकदा त्याला कोड जमत नसतं अन् सांगायची लाज वाटते. व्हायव्हाच्या आधी मात्र एकमेकांचे भाग समजून घ्या. परीक्षक नेमका दुसऱ्याचाच विचारतात.