शुगर केमिस्ट्रीत पोस्टडॉकसाठी जर्मनीला यायचं असेल तर

तू विचारलंयस की पुण्यात कार्बोहायड्रेट केमिस्ट्रीत पीएचडी संपत आलीय, जर्मनीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन) करायचंय, नवरा आयटीत आहे, तीन-चार वर्षांनी परत जाऊन आयसरसारख्या (केंद्र सरकारची विज्ञान संस्था) ठिकाणी फॅकल्टी व्हायचंय, आणि लॅबमधले सगळे सांगतायत की शुगर सोड, मेडिसिनल केमिस्ट्री धर. मी पण पुण्यातूनच पीएचडी करून इकडे आले आणि आता इथल्याच एका युनिव्हर्सिटीत याच विषयात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

आधी शुगरचं. सोडू नकोस. लोक असं का म्हणतात ते मला कळतं, पेप्टाइडवाला आठवड्यात मॉलिक्यूल करून मोकळा होतो आणि आपण महिनाभर एका बिल्डिंग ब्लॉकवर (साखळीत जोडायला तयार केलेली एक साखर), पेपर कमी येतात, आणि सिलेक्शन कमिटीत बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतंच असं नाही. पण तू ज्या शहरात बसून हे विचारतेयस तिथल्याच सिरम इन्स्टिट्यूटकडे बघ ना. २०१० मध्ये बुर्किना फासोपासून सुरू झालेली मेनअफ्रिव्हॅक, मग न्यूमोकॉकसची न्यूमोसिल, आणि २०२३ मध्ये डब्ल्यूएचओची मान्यता मिळालेली पाच प्रकारच्या मेनिंगोकॉकसवरची (मेंदूज्वराचा जंतू) मेनफाइव्ह, या सगळ्या कॉन्जुगेट लसी, म्हणजे बॅक्टेरियाच्या बाहेरची साखर काढून प्रोटीनला जोडलेली. त्यात साखर बॅक्टेरियाकडून घेतात, पण ती लॅबमध्ये बनवूनही लस होते हे क्यूबाच्या लोकांनी हिब या जंतूवरच्या लहान मुलांच्या लसीत करून दाखवलं, २००४ मध्ये सायन्समध्ये पेपर आला. फोन्डापॅरिनक्स हे रक्त गोठू न देणारं औषध म्हणजे पूर्णपणे सिंथेसिसने बनवलेलं पेंटासॅकराइड (पाच साखरांची साखळी), रोज हॉस्पिटलांत वापरलं जातं. विषय मेलेला नाहीये, त्यात पुरेशी तयार माणसं नाहीत, आणि तू तयार होत आलीयस.

आता मुख्य गोष्ट, जी मला तुला खरंच पटवून द्यायचीय. हाताने सिंथेसिस करणं तुला येतं. आपल्याकडे ते चांगलंच शिकवतात, पुण्यातच एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि नंतर आयसरमध्ये होथा यांच्या ग्रुपने प्रोपार्जिल ग्लायकोसाइड सोन्याच्या कॅटलिस्टने अ‍ॅक्टिव्हेट करायचं, म्हणजे ती साखर दुसरीला जोडायला तयार करायचं काम २००६ पासून पुढे नेलं आणि २०१७ मध्ये टीबीच्या जंतूच्या सेल वॉलमधला २१ साखरांचा अराबिनोगॅलॅक्टन तुकडा केला, ही जगात कुठेही दाखवण्यासारखी गोष्ट आहे. मग जर्मनीत येऊन परत तेच बेंझिलेशन, तेच कॉलम, फक्त फ्यूम हूड जास्त चांगला, याला काही अर्थ नाही. इकडे ये ते असं काही शिकायला जे तुला तिकडे मिळत नाहीये, म्हणजे परत जाशील तेव्हा तुझ्या हातात दोन विद्या असतील, आणि त्या दोन एकत्र असलेली माणसं भारतात फार थोडी.

उदाहरण देते. पॉट्सडॅमजवळ गोल्मला माक्स प्लांकची कोलॉइड्स अँड इंटरफेसेसची इन्स्टिट्यूट आहे, तिथे सीबर्गर यांच्याकडे ऑटोमेटेड ग्लायकन असेंब्ली, म्हणजे मशीनवर साखरांच्या साखळ्या (ग्लायकन) बनवणं, चालते. २००१ मध्ये ते एमआयटीत असताना पेप्टाइडच्या मशीनमध्ये बदल करून हे सुरू झालं, रेझिनवर एक एक साखर चढवत जायची, उरलेलं धुऊन टाकायचं, जोडायची जागा झाकणारा तात्पुरता ग्रुप काढायचा, पुढची साखर, आणि शेवटी, हल्ली प्रकाश पाडून, रेझिनपासून सोडवायची. २०२० पर्यंत ते मशीनवर १०० मॅनोजच्या साखळीपर्यंत पोचले. पण मशीन म्हणजे बटण दाबलं की साखर असं नाहीये, बिल्डिंग ब्लॉक अजूनही कोणीतरी हातानेच करतं, आणि १,२-सिस जोडणी (शेजारचे दोन ग्रुप एकाच बाजूला येतात ती) मशीनलाही तेवढीच छळते जेवढी आपल्याला. म्हणून तुझ्यासारखीची तिथे गरज असते. दुसरा रस्ता मास स्पेक्ट्रोमेट्रीचा, बर्लिनला फ्राये युनिव्हर्सिटीत पागेल यांचा ग्रुप आयन मोबिलिटीने आणि अति थंड आयनांच्या इन्फ्रारेडने आयसोमर (तेच अणू, वेगळी मांडणी) ओळखतो. एन्झाइम घ्यायचे असतील तर हॉलंडमध्ये उट्रेक्टला बून्स आहेत, लायडनला कोडे यांचा ग्रुप रिअ‍ॅक्शन मेकॅनिझम खोलात बघतो. एनएमआरमधून (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना बघायचं तंत्र) ग्लायकन आणि त्याला चिकटणाऱ्या प्रोटीनचं म्हणजे लेक्टिनचं नातं बघायचं तर स्पेनमध्ये बिल्बाओ. तू फक्त जर्मनी म्हणालीस, पण एकदा युरोपात आलीस की हे सगळं रेल्वेच्या अंतरावर आहे, देश धरून बसू नकोस, प्रश्न धर.

एक बारकी गोष्ट सांगते म्हणजे माझं म्हणणं नीट कळेल. बीटा मॅनोसाइड, म्हणजे मॅनोज साखरेची बीटा जोडणी, केलंयस का कधी? अल्फा आणि बीटा या जोडणीच्या दोन दिशा. ग्लुकोजमध्ये एच-१ चा (पहिल्या कार्बनवरचा हायड्रोजन) डब्लेट, म्हणजे एनएमआरमधला दोन फाट्यांचा सिग्नल, बघितला, फाट्यांमधलं अंतर म्हणजे कपलिंग आठ हर्ट्झच्या आसपास असला तर बीटा, साडेतीन असला तर अल्फा, विषय संपला. मॅनोजमध्ये शेजारचा एच-२ इक्वेटोरियल (रिंगच्या बाजूला आडवा), त्यामुळे अल्फा असो की बीटा, दोन्हीकडे कपलिंग एवढंसं, प्रोटॉनवरून सांगताच येत नाही, मग कार्बन-हायड्रोजनचं वन-बॉन्ड कपलिंग मोजायचं, १७० हर्ट्झजवळ अल्फा आणि १६० जवळ बीटा. आपल्याकडे बरेच जण हे सपोर्टिंग इन्फर्मेशन लिहिताना मोजतात, कारण रेफरी विचारतो. इथे चांगल्या लॅबमध्ये ग्रुप मीटिंगला पहिल्या दिवशी विचारतात की हा बीटा का मिळाला, उणे ७८ ला ट्रायफ्लेट (रिअ‍ॅक्शनमधला मधला रेणू) बनलं होतं का, लो-टेम्परेचर एनएमआरवर दिसलं का, अ‍ॅक्सेप्टर (ज्याला साखर जोडायची तो रेणू) बदलला तर काय होईल. हा "का" विचारायची सवय लागणं हीच मला इथून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि इंटरव्ह्यूला पीआय (ग्रुपचा प्रमुख) तुझ्यात हेच शोधत असतो. एकूण यील्ड किती यापेक्षा कुठली स्टेप फसली आणि मग तू काय विचार केलास हे सांग. शेवटच्या डीप्रोटेक्शनचंही (झाकणारे ग्रुप काढायची स्टेप) सांग, पॅलेडियमवर हायड्रोजिनेशन करताना चार मिलिग्रॅम माल तुझ्या हातातून कसा वाचला किंवा गेला, कारण शुगरवाल्याला त्यावरून समोरच्याचा हात लगेच कळतो.

आता फेलोशिप, इथे मात्र क्रम महत्त्वाचा आहे, नीट वाच. हुम्बोल्टला (जर्मन फाउंडेशनची फेलोशिप) पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो, वर्षभर कधीही करता येतो, होस्टचं, म्हणजे ज्याच्या लॅबमध्ये जायचं त्याचं, पत्र लागतं. मारी क्युरी (युरोपियन युनियनची फेलोशिप) पोस्टडॉकचा अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये असतो आणि त्यात नियम असा की ज्या देशात जायचंय तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे घाईने कुठलंतरी पोस्टडॉक धरून जर्मनीत आलीस आणि दीड वर्षाने क्युरीसाठी त्याच देशात अर्ज करायचा म्हटलंस तर दार बंद. म्हणून हे दोन्ही अर्ज भारतात असतानाच कर, थीसिस जमा करायच्या आधीच होस्टशी बोलणं सुरू कर. हुम्बोल्टमध्ये जोडीदारालासुद्धा जर्मन कोर्स मिळू शकतो, नवऱ्यासाठी हे मोठं आहे.

नुसती नोकरी मिळाली तर आधी विचार, स्टिपेंड आहे की करार. करार असेल तर बहुतेक ई १३ ही सरकारी पगाराची श्रेणी, पूर्ण वेळ म्हणजे ग्रॉस महिन्याला साडेचार हजार युरोच्या वर, त्यातून टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन, बेकारी विमा कापून हातात बरंच कमी येतं पण ते सगळं तुझ्या कामी येतं. स्टिपेंडमध्ये आकडा बरा दिसतो पण पेन्शन नाही, बेकारी भत्ता नाही, इन्शुरन्स स्वतः बघायचा. श्रेणीतली पायरी अनुभवावर ठरते, म्हणून पुण्यातल्या कामाचं तारखांसकट पत्र गाइडकडून घेऊनच निघ. नवऱ्याला फॅमिली व्हिसावर काम करायची पूर्ण मुभा असते आणि तू रिसर्चर परमिट किंवा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचं परमिट) असशील तर त्याला आधी जर्मन परीक्षा द्यावी लागत नाही, पण बर्लिन-म्युनिक सोडून लहान गावात आयटीतही जर्मन मागतात, हे त्याला आत्ताच सांग. ब्लू कार्डवर बी १ (मधल्या पातळीचं) जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायमचं परमिट मिळू शकतं, ए १ (अगदी सुरुवातीच्या) वर २७. तुम्हा दोघांना परतच जायचं असलं तरी भाषा शिका, लॅबमध्ये इंग्लिश चालतं पण घरमालक, डॉक्टर, शाळा आणि ऑफिसातली पत्रं सगळी जर्मनमध्येच.

आणि इथेच राहायचा विचार मनात आला तर हेही माहीत असू दे की युनिव्हर्सिटीत पीएचडीनंतर मुदतीच्या करारावर साधारण सहाच वर्षं ठेवता येतं, मूल झालं तर प्रत्येक मुलामागे दोन वर्षं वाढू शकतात. त्यात प्रोफेसरशिप किंवा कायमची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर बाहेर. यावर २०२१ मध्ये इथल्या तरुण संशोधकांनी इश बिन हाना (मी हाना आहे) म्हणून मोठा आवाज उठवला होता. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, इतकी वर्षं शिकवून तयार केलेला माणूस घालवून देणं चूकच. पण आहे तो आहे, म्हणून तुझी तीन-चार वर्षांची योजना मला आवडली, ती तशीच धर.

परत जायचं असेल तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी रिसर्च प्रपोजल लिहायला घे, रामानुजन आणि रामलिंगस्वामी फेलोशिप परतणाऱ्यांसाठीच आहेत, वयाच्या अटी बघून ठेव. आणि बॉससोबत आधीच स्पष्ट बोल की यातला कुठला भाग मी घेऊन जाऊ शकते. चांगले पीआय हे आनंदाने ठरवतात, जो टाळाटाळ करतो तिथे जाऊच नकोस.

ग्रुप निवडताना वेबसाइटवर जुन्या मेंबरांची यादी बघ, गेल्या दहा वर्षांत किती जण स्वतःचा ग्रुप चालवतात, कोणी भारतात परतलं का, त्यातल्या दोघांना मेल कर, मराठी असतील तर सरळ फोन कर, लोक मनापासून सांगतात. पीआयला पाठवायचा मेल पानभर नको, तुझं एक काम, त्यांचा एक पेपर आणि तुला त्यातून पडलेला एक प्रश्न, बस. तो लिहिलास की मला आधी पाठव, मी बघून देते, आणि नवऱ्याचं कुठल्या टेक्नॉलॉजीत काम आहे तेही कळव म्हणजे शहर ठरवायला मदत होईल.