आधी आवाज बंद करून बघ

प्रिय पोरी,

स्टोरीबोर्ड मिळाला. चित्रं सुरेख झाली आहेत. गच्चीवरचं ते रात्रीचं निळं-गुलाबी लाइटिंग प्रत्यक्षात उतरलं, तर तुझ्या कॅमेरामनला मी स्वतः फोन करून शाबासकी देईन. पण सोबत तू लिहितेस की बायकांना ‘तसं’, म्हणजे नुसतं बघण्याची वस्तू म्हणून, दाखवण्याचा प्रश्न तुझ्या या गाण्याच्या व्हिडिओत येतच नाही, कारण मुलीचे कपडे साधे आहेत आणि दिग्दर्शकही मुलगीच आहे. ही दोन्ही कारणं मला पटत नाहीत. म्हणून बजेट, लोकेशन आणि तुझा तो ड्रोनचा हट्ट बाजूला ठेवून आज एवढ्यावरच लिहिते.

एक काम कर. प्रत्येक चौकटीशेजारी त्यातलं माणूस काय करतंय ते थोडक्यात लिही. मी लिहून पाहिलं. तुझा नायक गाडीतून उतरतो, जिना चढतो, गिटार जुळवतो, मित्राला टाळी देतो, चिडतो, फोन भिरकावतो, गातो. ती वळते. केस मागे घेते. कठड्याला टेकते, खाली बघते, पुन्हा वळते. सव्वातीन मिनिटांच्या गाण्यात तिला एकही काम नाही. तो आला नसता तर त्या रात्री गच्चीवर तिने काय केलं असतं, हे तुला ठाऊक आहे का? त्याच्या गिटारवर कुठला स्टिकर असेल, ते मात्र तू ठरवून ठेवलं आहेस.

कपडे मोजण्याची सवय सगळ्यांनाच लागली आहे. व्हिडिओंवर टीका करणारे तेच मोजतात आणि बाजू घेणारेही तेच. मोजायला सोपे असतात ना! त्यापेक्षा दोन व्हिडिओ शेजारी ठेवून बघ. जॅनेट जॅक्सनचा १९८९चा ‘रिदम नेशन’ आणि बियॉन्सेचा २००८चा ‘सिंगल लेडीज’. दोन्ही कृष्णधवल, दोन्ही नाचाच्या जोरावर उभे. पहिल्यात गळ्यापासून बुटांपर्यंत लष्करी थाटाचा काळा गणवेश. दुसऱ्यात तीन बायका, अंगात लिओटार्ड (पोहण्याच्या पोशाखासारखा अंगाला घट्ट बसणारा नाचाचा पोशाख), पायात उंच टाचा. कपड्यांच्या हिशेबाने एक सोवळा आणि दुसरा ओवळा ठरायला हवा. पण कॅमेरा कुठे उभा आहे ते बघ. दोन्हीकडे तो पुन्हा पुन्हा इतका मागे सरकतो की डोक्यापासून पावलापर्यंत अख्खं शरीर चौकटीत मावतं. तोल दिसतो, जमिनीवर आदळणारा पाय दिसतो, शेजारणीच्या खांद्याशी जुळणारा खांदा दिसतो. शरीर काहीतरी करतंय, आणि ते जमायला केवढी तालीम लागली असेल, तेही कळतं. हॉलिवूडचा जुना नर्तक-नट फ्रेड अस्टेअर आपला नाच पूर्णाकृती आणि कमीत कमी कट ठेवून चित्रित व्हावा असा आग्रह धरायचा. त्या आग्रहाचं मोल बायकांच्या नाचाचं चित्रण बघताना जास्त कळतं, कारण तिथे तो फार क्वचित पाळला जातो.

आता आम्हा संकलकांच्या एडिट टेबलावरची गोष्ट, जी बाहेर फारशी कुणी सांगत नाही. दोन शॉट एकमेकांशी जुळत नसले की संकलकाला मध्ये तिसरं काहीतरी टाकावं लागतं. ओठ गाण्यावरून घसरले, कंटिन्युइटी चुकली, कॅमेऱ्याला धक्का बसला, की कटअवे शोधा. पॉप व्हिडिओत हा कटअवे कशाचा असतो? मुलीच्या कमरेचा, ओठांचा, जिना चढणाऱ्या पायांचा. त्यासाठीच सेटवर ‘तिचे थोडे डिटेल्स घेऊन ठेवू’ म्हणतात आणि घाईघाईत ते उरकतात. कधी त्या मुलीचा चेहरा एकाही शॉटमध्ये धड दिसत नाही. म्हणजे गोष्टीत ती नव्हतीच, दुसऱ्यांच्या चुका झाकायला लावलेलं ठिगळ होती. प्रेक्षक ही जागा ‘मादक’ म्हणून वाचतो आणि टीकाकार ‘कारस्थान’ म्हणून. टेबलावर ती बरेचदा निव्वळ आळस असते, आणि हा आळस चाळीस वर्षं साचत आला आहे. तुझ्या स्टोरीबोर्डात असे अकरा डिटेल्स आहेत. अकराही तिचे. त्याची बोटं तारांवर आहेत, पण ती बोटं वाजवताहेत, तो हिशेब वेगळा.

उपाय कंटाळवाणा आहे, तरी सांगते. कटअवे आधीच ठरवून शूट कर. ड्रमरचा घामेजलेला चेहरा, ॲम्प्लिफायरचा दिवा, कुणाचा तरी ताल धरणारा बूट, गच्चीवरून दिसणाऱ्या खिडक्या, तिच्या हातातलं काम (ते आधी तिला दे). मग रात्री अडीच वाजता संकलक अडला, तरी त्याचा हात तिच्या कमरेकडे जाणार नाही.

स्लो मोशनचंही असंच. युक्ती तुला माहीत आहे. सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेम्सनी चालवायचा आणि पडद्यावर २४ने दाखवायचं, की ओठ गाण्याशी जुळतात आणि केस, कापड, धूर सगळं तरंगतं. तू ती फक्त तिच्या वळण्यांसाठी राखून ठेवली आहेस. त्याचा वेळ घड्याळाप्रमाणे चालतो, तिचा थांबतो. का, याचं उत्तर शूटच्या आधी तुझ्यापाशी असू दे. ‘छान दिसतं’ हे उत्तर मी धरणार नाही.

‘दिग्दर्शक मीच आहे’ या तुझ्या दुसऱ्या कारणाकडे येते. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये एका निबंधात हॉलिवूडच्या सिनेमाबद्दल म्हटलं की तिथे बघणारा पुरुष असतो आणि बाई बघितली जाण्यासाठी असते. कॅमेरा, पात्रं आणि प्रेक्षक तिघांची नजर एकाच बाजूने वळवलेली असते. गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी अमेरिकी वाहिनी एमटीव्ही त्यानंतर सहा वर्षांनी, १ ऑगस्ट १९८१ला सुरू झाली. व्हिडिओंनी ही नजर आयती घेतली आणि आणखी आवळली, कारण सिनेमाला दोन तास मिळतात, व्हिडिओला तीन-चार मिनिटं. एवढ्या वेळात माणूस घडवता येत नाही, म्हणून तयार माणसं उचलायची. वाट बघणारी, सोडून जाणारी, पैशावर भाळणारी, पार्टीतली. आणि पुरुषही तयारच, पैसा उडवणारा किंवा पावसात भिजणारा. पॉप व्हिडिओ मुद्दाम वाईट असतो असं नाही. तो घाईत असतो, आणि घाईत माणूस जुन्याच वस्तूला हात घालतो.

ही आयती नजर आपण सगळ्यांनी इतकी वर्षं वापरली आहे की ती पुरुषाच्या डोळ्याला चिकटलेली राहिलेली नाही. गायक रॉबिन थिकचा ‘ब्लर्ड लाइन्स’ घे, २०१३चा. दिग्दर्शक डायन मार्टेल, अनुभवी बाई. तिची भूमिका अशी होती की मुलींना सरळ कॅमेऱ्यात बघायला लावलंय, त्यामुळे वरचढ त्याच आहेत. तिच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गाणं तिघे पुरुष गातात आणि मुलींना आवाज नाही. एका आवृत्तीत त्या जवळजवळ विवस्त्र आहेत आणि पुरुष पूर्ण पोशाखात. कपडे मोजायचेच असतील तर असे मोजावेत, दोन्ही बाजूंचा फरक म्हणून. कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवल्याने कुणी गोष्टीची मालकीण होत नाही. त्यातली एक मॉडेल एमिली रॅटाजकोव्स्की हिने २०२१ मध्ये आपल्या पुस्तकात लिहिलं की चित्रीकरणात थिकने तिला तिच्या संमतीशिवाय स्पर्श केला होता. पडद्यावरची ताकद सेटवर कामाला आली नाही, असं मी त्यातून वाचते.

याच्या बरोबर उलट टोकाला शिनेड ओकॉनरचा ‘नथिंग कंपेअर्स टू यू’. गाणं प्रिन्सने लिहिलेलं, व्हिडिओचा दिग्दर्शक जॉन मेबरी. दोघेही पुरुष. आणि बहुतेक सगळा व्हिडिओ म्हणजे तिचा चेहरा. काळी पार्श्वभूमी, बारीक कापलेले केस, हलणारे ओठ, मग डोळ्यांत पाणी. १९९० मध्ये एमटीव्हीचा वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ तोच ठरला. चेहऱ्यावर इतका वेळ थांबायला काय लागतं, ते तू संकलनाला बसशील तेव्हा कळेल. हात शिवशिवतात कट मारायला. तेव्हा दिग्दर्शक बाई आहे की पुरुष, यावर काही ठरत नाही. थांबायची तयारी आहे का, यावर ठरतं.

आता तू विचारशील की भूमिका उलट्या केल्या तर? करून बघ, कागदावर. त्याला कठड्याला टेकव, त्याचे केस मागे घ्यायला लाव, तिला गाडीतून उतरव. हसू आलं की समज, काहीतरी सापडलं. रॉबर्ट पामरच्या १९८६च्या ‘ॲडिक्टेड टू लव्ह’मध्ये मागे पाच मॉडेल्स उभ्या होत्या, सारखाच काळा पोशाख, सारखेच चापून बसवलेले केस, हातात वाद्यं, चेहऱ्यावर काहीच नाही. शनाया ट्वेनने १९९९ मध्ये ‘मॅन! आय फील लाइक अ वुमन!’मध्ये तोच देखावा उचलला आणि मागे पुरुषांची रांग उभी केली. तितकीच निर्विकार. लोकांना ती गंमत वाटली. बायकांची ती पहिली रांगही गंमतच आहे, असं आधी फारसं कुणाला वाटलं नव्हतं. आपल्याकडे अलिशा चिनॉयचं १९९५चं ‘मेड इन इंडिया’ आठव. निवडणारी ती, बघणारी ती, आणि मिलिंद सोमण बघण्याजोगा. त्या काळच्या कित्येक मुलींनी पडद्यावरच्या पुरुषाकडे निवांत बघण्याची मुभा तिथे घेतली असणार.

पण उलटापालट एकदाच चालते. ती डोळे उघडते, नवं माणूस देत नाही. म्हणून कृपा करून त्या मुलीच्या हातात बॉक्सिंग ग्लोव्ह्ज देऊ नकोस, तिला आगीतून स्लो मोशनमध्ये चालत आणू नकोस, शेवटी मोटारसायकलवर एकटी पाठवू नकोस. ‘खंबीर स्त्री’ हीसुद्धा आता आयतीच मिळते. तिला साधं काम दे. ती गच्चीवर अँटेना दुरुस्त करायला आली असेल, उद्याच्या परीक्षेचं पाठ करत असेल, त्याच्या बँडमध्ये की-बोर्ड वाजवत असेल आणि त्याच्यावर वैतागली असेल. वैतागलेली माणसं पडद्यावर लगेच जिवंत होतात.

मुलाकडेही बघ. तुझा नायक फोन भिरकावतो. दुःख झालं की पुरुषाने काहीतरी फोडायचं, हीदेखील नेमून दिलेली भूमिकाच. ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’मध्ये १९८४ साली क्वीन या ब्रिटिश बँडचे चौघेही बायकांच्या वेषात घरकाम करताना दिसले, फ्रेडी मर्क्युरी तर मिशीसकट व्हॅक्यूम क्लीनर घेऊन. ब्रिटनमध्ये लोक खळखळून हसले, अमेरिकेत ते अनेकांना रुचलं नाही. मुलीने पुरुषी कोट घातला तर ती स्टाइल ठरते. त्याच्याच आगेमागे, १९८३ मध्ये गायिका ॲनी लेनॉक्सने आखूड नारिंगी केस आणि पुरुषी सूट घालून ते दाखवून दिलं होतं. पुरुषाने झगा घातला की लोकांच्या पोटात दुखतं. तुझ्या नायकाला झगा घालायची गरज नाही. त्याला फक्त गप्प बसून रडू दे, किंवा बघितलं जाऊ दे.

एक चाचणी मात्र प्रत्येक कटला लाव. प्राध्यापक सट जॅली यांनी १९९०च्या सुमारास एमटीव्हीवरचे तुकडे एकत्र करून त्यावरचं संगीत काढून टाकलं आणि आपलं निवेदन घातलं. वाहिनीने कायदेशीर कारवाईची धमकी दिली, इतकं ते झोंबलं. संगीत हे भुरळ घालायलाच असतं, आणि भुरळ पडली की चित्राला प्रश्न विचारायचे राहून जातात. आवाज बंद केलास की उरतं ते फक्त कोण कुणाकडे बघतंय आणि कुणाला किती वेळ मिळतोय.

मागे नाचणाऱ्या मुलींबद्दलही सांगायचं आहे. स्टोरीबोर्डात त्यांचा उल्लेख ‘मुली’ एवढाच आहे. कॉलशीटवर (शूटच्या दिवशी कुणी कधी यायचं त्या यादीवर) प्रत्येकीचं नाव लिही. काय घालायचं आणि कोण किती जवळ येणार, हे शूटच्या दिवशी नव्हे, आधी सांग, आणि ‘नाही’ म्हणायला वेळ दे. अमेरिकेतल्या हिपहॉप व्हिडिओंत या बिनानावाच्या जागेचा भार कृष्णवर्णीय मुलींवर सर्वांत जास्त पडला. २००४ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजच्या विद्यार्थिनींनी रॅपर नेलीला सांगितलं की तुझ्या संस्थेचं बोनमॅरो (अस्थिमज्जा) दात्यांच्या नोंदणीचं शिबिर इथे घ्यायचं असेल तर त्या अमुक व्हिडिओबद्दल आमच्यासमोर बसून बोल. त्याच्या संस्थेने शिबिरच रद्द केलं. त्या व्हिडिओत त्याने एका बाईच्या पार्श्वभागातून क्रेडिट कार्ड फिरवलं होतं. असले शॉट सुचवणारी माणसं तुलाही भेटतील, बहुतेक वेळा हसत हसत, आणि ‘अगं, गंमत आहे’ म्हणत.

निर्माता थंबनेलसाठी तिचाच एक ‘हॉट’ शॉट मागेल, ते गृहीत धर. फोनच्या उभ्या चौकटीसाठी कापताना समूहनाच बाहेर जातो आणि एकटं शरीर उरतं, हेही आधीच कॅमेरामनशी बोलून घे. भांडणं कुठे करायची ते निवडून ठेव. लाइटवरून भांडू नकोस, थंबनेलवरून भांड.

आणि हे सगळं वाचून घाबरून शॉटच सपाट करू नकोस. पॉप व्हिडिओत शरीर असणार, नखरा असणार, इच्छाही असणार. माझी तक्रार त्यावर कधीच नव्हती. तिची इच्छा कशाची आहे, ते मात्र मला तुझ्या स्टोरीबोर्डात कुठे सापडलं नाही.

नवा ड्राफ्ट गुरुवारपर्यंत पाठव, शनिवारी मी दिवसभर एडिटवर आहे. आणि ते अकरा डिटेल्स काढल्यावर दुसऱ्या अंतऱ्यात वीस सेकंदांची पोकळी राहील. ती ड्रोनने भरू नकोस.

तुझी ताई