वाचकांचे प्रश्न: उंच केलेल्या जिप्सीचे पाटे बसलेत, आता काय करू?

प्रश्न: नमस्कार सर. माझ्याकडे जुनी जिप्सी किंग आहे, चार वर्षांपूर्वी दोन इंच उंच करून घेतली होती, म्हणजे चारही बाजूंना एकेक जादा पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) आणि लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी). आता ड्रायव्हर साइडला गाडी झुकलीय, मागून बघितलं की लगेच दिसतं, आणि खड्ड्यात धप्प करून आदळते. गॅरेजवाला म्हणतो पाटे मऊ झालेत, एकेक जाड पाटा अजून टाकू, किंवा काढून कमान मारून (म्हणजे पाट्याला परत बाक आणून) देतो. नवीन सेट घेऊ का हेच करू? पावसाळ्याआधी मुळशी, वेल्ह्याकडे जायचंय. (एक वाचक, भोर)

उत्तर: दादा, आधी टेप घ्या हातात. पैसे नंतर.

सपाट जागा बघा, चारही टायरची हवा सारखी करा, तुमच्या वजनाचा माणूस ड्रायव्हर सीटवर बसवा आणि चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी माप घेऊन लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज येते आणि माप फसवतं. मग गाडीखाली झोपून हाउसिंग (दोन चाकांमधला आडवा एक्सल) आणि चेसीवरचा (गाडीच्या सांगाड्यावरचा) रबरी ठोकळा यांच्यात किती जागा उरलीय ते डावी-उजवी बघा. दोन-तीन सूत फरक असेल तर फार मनाला लावून घेऊ नका, ड्रायव्हर रोज उजवीकडेच बसतो, पण इंचभर किंवा जास्त असेल तर शोधायला लागेल. कारण झुकलेली गाडी दरवेळी पाट्यामुळेच झुकते असं नाही, बॉडीखालचे रबर दबलेले असतात, शॅकलचा बुश (बोल्टभोवतीचं रबर) पार खाल्लेला असतो, जुन्या चेसीला पीळही पडलेला असतो. पाटे खाली उतरवालच तेव्हा डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून बघा, झुकाव बाजू बदलला तर दोष पाट्यात, तिथेच राहिला तर नवीन सेट टाकूनही गाडी वाकडीच राहणार.

आता ते ‘मऊ झालेत’ प्रकरण. हे सगळे म्हणतात पण तसं होत नाही. पाटा जुना झाला की त्याची कमान जाते, कडकपणा जवळपास तेवढाच राहतो. कडकपणा ठरतो लांबी, रुंदी, जाडी आणि पाटे किती यावर, आणि यातलं काहीच वापराने फारसं बदलत नाही (गंजून पातळ झाला तर गोष्ट वेगळी). गाडी आदळते कारण कमान गेल्यामुळे पाट्याला वर जायला जागाच उरली नाही, थोडा दबला की थेट ठोकळ्यावर. म्हणून जाड पाटा टाकून काय होतं की उंची मिळते पण ज्याची कमतरता नव्हती तो कडकपणाही सोबत येतो. जाडीचा हिशोब घनात चालतो बघा, ६ मिमीच्या जागी ८ मिमीचा पाटा टाकला तर तो एकटा पाटा दोन पटीहून जास्त कडक होतो! जिप्सी मुळात हजार किलोच्या आसपासची गाडी, चारही बाजूंना पाटे, कोरी असतानाच कमरेची परीक्षा घ्यायची. त्यात अजून लोखंड भरलं तर दगडधोंड्यात चाक खाली सुटणारच नाही, एक चाक हवेत आणि तुम्ही तिथेच अडकलेले. ज्यासाठी गाडी उंच केली तेच गेलं.

कमान मारून घ्यायची का? थंड पाट्यावर घण मारून कमान आणतात ती काही महिन्यांत परत बसते, हे मी माझ्या गाडीवर दोनदा करून बघितलंय. भट्टीत लाल करून, कमान देऊन, तेलात बुडवून नीट पाणी देणारा (म्हणजे पोलाद कडक करणारा) जुना कारागीर माहितीत असेल तर वेगळं, तो पाटा टिकतो. पण पाणी कमी बसलं तर पाटा बसणार आणि जास्त बसून पुढचा ताव (परत हलकं तापवणं) नीट दिला नाही तर काचेसारखा तुटणार, आणि डोळ्याने बघून यातलं काही कळत नाही. चार वर्षं जादा उंचीवर चाललेल्या पाट्यांसाठी माझं मत सरळ आहे, नवीन सेट घ्या. कमानच उंच असलेला सेट घ्या, म्हणजे जादा पाटा आणि लांब शॅकल दोन्ही काढता येतील. निदान पुढची किंवा मागची जोडी तरी पूर्ण बदला, फक्त उजवा पाटा बदलून सरळ करायला जाऊ नका, आज सरळ दिसेल, ब्रेक मारल्यावर वेगळं वागेल.

लांब शॅकल का काढा म्हणतोय तेही सांगतो. दोन इंच लांब शॅकलने गाडी एकच इंच वर जाते, कारण पाट्याचं एकच टोक सरकतं. आणि जिप्सीला पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते, ती लांब झाली की पुढचं हाउसिंग पुढे झुकतं, कॅस्टर (स्टेअरिंग आपोआप सरळ ठेवणारा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि हायवेला स्टेअरिंग भटकायला लागतं. तुमचं स्टेअरिंग ८० च्या पुढे सतत धरून ठेवावं लागत असेल तर हेच कारण असू शकतं, लोक उगाच स्टेअरिंग बॉक्स खोलत बसतात.

काम करताना एका वेळी एकच बाजू खोला. चेसी स्टँडवर, हाउसिंग वेगळ्या जॅकवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. शॅकलचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेला असणार, आदल्या दोन रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, ठोकायचाच झाला तर नट आट्यांवर ठेवून ठोका. मागे पेट्रोलची टाकी आहे, तिथे गॅस कटर नको म्हणजे नकोच. पाटा बसवताना, पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या बैठकीतल्या भोकात नीट गेलंय का ते बोटाने चाचपून बघा, बाकी सगळं त्यावर आहे. शॅकल आणि पिनचे बोल्ट आधी हलकेच लावा आणि गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावर पक्के करा. हवेत लटकताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि वर्षभरात फाटतो, वर गाडी अर्धा इंच उंच दाखवते ते वेगळंच.

आणि यू बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळून धरणारे) नवीन घ्या. हे मी कितीही वेळा लिहायला तयार आहे. एकदा आवळलेला यू बोल्ट ताणलेला असतो, परत तेवढी पकड देत नाही. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये नवीन पाटे जुन्या यू बोल्टवर बसवले, नंतर परत आवळले नाहीत, आणि पंधरा दिवसांनी वरंधा घाट उतरताना गाडी उजवीकडे ओढायला लागली, स्टेअरिंग वाकडं धरलं की गाडी सरळ चाले. थांबून बघतो तर मागचं डावं चाक मडगार्डच्या मागच्या कडेला जवळजवळ टेकलेलं, सेंटर बोल्ट कापला गेला होता आणि हाउसिंग पाट्यावरून मागे सरकलं होतं. बायको-पोरं गाडीत होती. त्या दिवसापासून यू बोल्टचे चारही नट तिरके आलटून पालटून, दोन्ही पायांचे आटे सारखे बाहेर येतील असे आवळतो, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, आणि ५०० किलोमीटर झाले की परत. तुम्हीही वेल्ह्याला जायच्या आधी ते ५०० किलोमीटर साध्या रस्त्यावर काढा.

शेवटी ब्रेकचे पाइप आणि शॉकअप बघा, चाक पूर्ण खाली लटकलं की दोन्ही ताणायला नकोत. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, पासिंगला जायचं असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या.

प्रश्न: नवीन थार, २०२१ ची, लिफ्ट किट आहे. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) लावल्यापासून नाक खाली गेलंय. स्पेसर (स्प्रिंगला उंची द्यायची चकती) टाकू का? (नाशिक)

उत्तर: २०२० पासूनच्या थारला पुढे-मागे कॉइल (गुंडाळीच्या स्प्रिंग) आहेत, पाट्याचं शास्त्र इथे जसंच्या तसं लागू होत नाही. तुमची स्प्रिंग बसलेली नाही, तुम्ही तिच्यावर कायमचं ओझं ठेवलंय. स्पेसर नाक वर करेल पण ओझं तेवढंच, स्प्रिंगही तीच, आणि किटची उंची आधीच आहे त्यात अजून वर गेलात तर वरच्या आर्मचे जॉइंट आणि पुढचे एक्सल वाईट कोनात जातात. बंपर-विंचचं वजन काट्यावर करून घ्या आणि तेवढ्या वजनासाठीची पुढची स्प्रिंग जोडी मागा. घरी मात्र खोलू नका, दाबलेली कॉइल सुटली तर हात जातो, स्प्रिंग दाबून धरणारा चांगला कंप्रेसर असलेलाच माणूस हवा. नंतर अलाइनमेंट करून घ्यायचीच.

प्रश्न: ताडोब्यात सफारीची जिप्सी चालवतो. मागचा मेन पाटा (सगळ्यात वरचा, लांब) डोळ्याजवळ (टोकाच्या गोल भोकाजवळ) वर्षात दोनदा तुटला. पाटा हलका येतोय का? (मोहर्ली)

उत्तर: भाऊ, पाट्याला दोष द्यायच्या आधी पाट्यांना बांधणाऱ्या क्लिपा बघा. बऱ्याच गाड्यांवर त्या तुटून पडलेल्या असतात नाहीतर कोणी परत लावलेल्याच नसतात. चाक वर जातं तेव्हा सगळे पाटे मिळून भार घेतात, पण चाक खड्ड्यात खाली सुटतं तेव्हा खालचे पाटे क्लिपांमुळेच मेन पाट्यासोबत ओढले जातात. क्लिपा नसल्या तर सगळा झटका एकट्या मेन पाट्यावर, आणि तुमच्या मागे उंच सीटवर माणसं भरलेली. क्लिपा बसवा, शॅकलचे बुश बदला आणि जळकं ऑइल मारणं बंद करा, ताडोब्याची धूळ त्यात बसून कानस चालल्यासारखी पाट्यांना खाते, शिवाय रबर फुगतं. दर महिन्याला मेन पाट्याचा डोळा धुऊन त्यावर रॉकेल लावा, कोरडा पुसा आणि पांढरा खडू घासा. पाच-दहा मिनिटांत खडूवर केसासारखी ओली रेघ उमटली तर तिथे चीर आहे, ती गाडी दुसऱ्या दिवशी गेटवर नेऊ नका.