काबुलचा रबाब आणि उस्ताद मोहम्मद उमर

प्रश्न : झाकीर हुसेन यांचा तरुणपणीचा तबला शोधताना काबुलचे उस्ताद मोहम्मद उमर यांच्या रबाब या तंतुवाद्याच्या वादनाचे ध्वनिमुद्रण ऐकायला मिळाले. राग ओळखीचे वाटले, वादनाची रीत मात्र सरोदहून निराळी. हे उस्ताद कोण, आणि हे संगीत आपले म्हणावे की त्यांचे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : उस्ताद मोहम्मद उमर (1905–1980) हे काबुलच्या खराबात या गवय्या-वादकांच्या मोहल्ल्यातले. एकोणिसाव्या शतकात अमीर शेर अली खान यांनी हिंदुस्थानातून बोलावलेले दरबारी कलावंत याच वस्तीत स्थायिक झाले, आणि त्यांच्याबरोबर आलेली रागविद्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे रुजली. त्यामुळे राग ओळखीचे वाटणे साहजिक आहे. आपली भैरवी तिथे ‘बैरामी’ होते.

तरीही या संगीताला आपल्या संगीताची शाखा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सरोदला धातूची गुळगुळीत पट्टी असते, म्हणून त्यावर लांब मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) घेता येते. रबाब तुतीच्या लाकडातून कोरलेला, चामड्याने मढवलेला, पडदे बांधलेला, आणि त्याच्या मुख्य तारा पूर्वी आतड्याच्या व आता नायलॉनच्या असल्यामुळे त्याचा स्वर लवकर विरतो. ही उणीव उजव्या हाताने भरून काढावी लागते. तरफांपैकी (मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारांपैकी) सर्वांत आखूड तार घोडीवर (तारा पेलणाऱ्या पट्टीवर) किंचित उचललेली असते, आणि मुख्य तारेवरच्या आघातांच्या मधोमध तिच्यावर नखी मारून वादक लयीची वेगळीच वीण विणतो. या क्रियेला ‘परंदकारी’ म्हणतात. उस्तादांचे खरे मोठेपण मला इथे दिसते : त्यांच्या हातात ती तार शोभेची न राहता चालीच्या बरोबरीने बोलते. पुन्हा ऐकाल तेव्हा त्या उंच, टोकदार स्वराकडे जरूर लक्ष द्यावे.

त्यांनी रेडिओ काबुलच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व केले, आणि पूर्वी गायनाच्या साथीला असणारा रबाब एकलवादनाचे वाद्य म्हणून ठामपणे उभा केला. आपल्या ऐकण्यातली मैफल 1974 सालची, अमेरिकेतल्या सिएटल शहरातली असावी. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते पाहुणे कलावंत म्हणून शिकवत होते. ते ध्वनिमुद्रण 2002 मध्ये प्रकाशित झाले. झाकीरभाई तेव्हा 23 वर्षांचे होते आणि दोघांना समान बोलभाषा नव्हती. तरी अफगाणी नगम्यात, म्हणजे वाद्यावरच्या रचनेत, अस्थाई (मुख्य ओळ) पुन्हा पुन्हा परतते, लय पायरीपायरीने चढत जाते, आणि लहऱ्यावर (तबल्यासोबत फिरून फिरून वाजणाऱ्या धुनेवर) वाढलेल्या तबलजीला ही घडण अनोळखी नसते.

ज्या खराबातमध्ये ही वादनाची रीत घडली, तो मोहल्ला 1990 नंतरच्या यादवी युद्धात उद्ध्वस्त झाला आणि तिथले कलावंत पेशावरपासून युरोप-अमेरिकेपर्यंत पांगले. रबाब घडवण्याची व वाजवण्याची कला 2024 मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत आली, ती अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान या चार देशांच्या नावे.