हॅमवरचा ग्लेझ करपतो, ओघळतो

प्रश्न : ताई, हॅमला मध-साखरेचा ग्लेझ (चकाकी आणणारा गोड लेप) लावून ओव्हनमध्ये ठेवते, तर वरून काळा पडतो आणि बाकीचा ट्रेमध्ये ओघळतो. काय चुकतं?

उत्तर : अगं, तू तो फार लवकर लावतेस. साखर तासभर आचेला टिकत नाही. शिजवलेलाच हॅम असेल तर आधी फॉइलने झाकून १६० अंश सेल्सिअसला नुसता गरम कर. शेवटची २५ मिनिटं राहिली की फॉइल काढ, आच २०० कर आणि मग ब्रश हातात घे. दर आठ-दहा मिनिटांनी एक पातळ हात.

ओघळतो, कारण पातळ राहतो. एक वाटी ब्राउन शुगर, पाव वाटी डिजॉन मोहरी (दाणे नव्हे, मोहरीची तयार फ्रेंच पेस्ट), दोन चमचे सायडर (सफरचंदाचं) व्हिनेगर, चिमूटभर लवंगपूड मंद आचेवर आटव. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ तशीच राहिली पाहिजे. माझा जीव त्या व्हिनेगरवर आहे. ते नसेल तर नुसता गोडमिट्ट पाक होतो. मीठ मात्र अजिबात नको, हॅम मुळातच खारट. चरबीवर चौकटीच्या उथळ चिरा दे, ग्लेझ त्यात धरून राहतो.