पासवर्ड बरोबर आहे, तरी लॉगिन का होत नाही? (वाचकांची प्रश्नोत्तरे)

यावेळी लॉगिनबद्दल जे प्रश्न आलेत त्यातल्या बहुतेकांनी एक वाक्य हमखास लिहिलंय, "हिस्टरी, कुकीज, कॅशे सगळं क्लिअर करून झालं". हे वाचून मला खरंच हळहळ वाटते. कारण एका साइटचा घोळ निस्तरायला तुम्ही बाकीच्या सगळ्या साइट्सवरून लॉगआउट होता, घाईत त्याच यादीतल्या "पासवर्ड" वर टिक राहिली तर सेव्ह केलेले पासवर्ड पण जातात, आणि नेमकं बिघडलं काय होतं याचा पुरावाच पुसला जातो. आधी कुठे अडतंय ते बघूया, मग पुसूया.

प्रश्न: पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे. टाकून बटण दाबलं की पान क्षणभर लोड होतं आणि परत तेच लॉगिनचं पान समोर. एरर वगैरे काहीच नाही. दुसऱ्या ब्राउझरमधे मात्र व्यवस्थित होतं.

एरर येत नाही हीच मोठी खूण आहे. एक काम करा, मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघा, पण एकदाच, सारखं केलं तर खातं लॉक होईल. चुकीच्या पासवर्डला "पासवर्ड चुकीचा आहे" असं स्पष्ट आलं आणि बरोबर पासवर्डला मात्र गुपचूप परत लॉगिनचं पान आलं, तर सर्व्हरने तुमचा पासवर्ड बहुतेक मान्य केलाय, अडलंय ते त्याच्या पुढे. म्हणजे पासवर्ड रीसेट करत बसण्यात काही अर्थ नाही.

पुढे म्हणजे कुठे, तर कुकीत. वेबची मूळ रचनाच अशी आहे की सर्व्हरला मागचं काही आठवत नसतं, प्रत्येक क्लिक त्याच्यासाठी अनोळखी माणसाचा. म्हणून १९९४ मधे नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी कुकीची युक्ती काढली: एकदा ओळख पटली की सर्व्हर ब्राउझरला एक बिल्ला देतो आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक पानाला तो दाखवतो. तुमच्याकडे बिल्ला मिळत नाहीये, किंवा मिळतोय पण टिकत नाहीये, किंवा तिसरीच गोष्ट, जुना बिल्ला दाखवला जातोय.

हे डोळ्यांनी बघता येतं. क्रोममधे एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, "प्रिझर्व्ह लॉग" वर टिक करा (ही टिक विसरलात तर पान बदललं की यादी पुसली जाते आणि सगळे इथेच फसतात), मग लॉगिन करा. यादीत लॉगिनची रिक्वेस्ट सापडेल, बऱ्याचदा तिचं स्टेटस ३०२ असतं, म्हणजे "ठीक आहे, आता पुढच्या पानावर जा". तिच्यावर क्लिक करून रिस्पॉन्स हेडर्समधे (सर्व्हरच्या उत्तरासोबत येणाऱ्या माहितीत) "सेट-कुकी" शोधा. ती ओळच नसेल तर सर्व्हरने बिल्ला दिलेलाच नाही. ओळ आहे पण शेजारी इशाऱ्याचं चिन्ह आहे, तर ब्राउझरने बिल्ला नाकारलाय, चिन्हावर माउस नेला की कारण दिसतं. आणि एक कळकळीची विनंती, या पानाचा स्क्रीनशॉट किंवा एक्स्पोर्ट केलेली फाइल कोणाला जशीच्या तशी पाठवू नका, तो बिल्ला ज्याच्या हातात पडेल तो पासवर्डशिवाय तुमच्या खात्यात शिरू शकतो.

दुसऱ्या ब्राउझरमधे होतंय म्हटल्यावर मला सगळ्यात जास्त संशय जुन्या कुकीचा. ब्राउझर कुकी ओळखतो ती नाव, डोमेन (साइटचा पत्ता) आणि पाथ (पत्त्याचा पुढचा भाग) या तिन्हीवरून, त्यामुळे एकाच नावाच्या दोन कुकीज, एक मुख्य डोमेनची आणि एक सबडोमेनची (मुख्य पत्त्याआधी जास्तीचा शब्द लागलेला पत्ता), शेजारी शेजारी राहू शकतात. ब्राउझर दोन्ही पाठवतो, सर्व्हर नेमकी मुदत संपलेली उचलतो, आणि तुम्ही परत लॉगिनच्या पानावर. उपाय साधा आहे: ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटच्या कुकीज काढा, मुख्य डोमेनच्या पण आणि सबडोमेनच्या पण, टॅब बंद करा, नव्याने उघडा.

अजून एक, तुम्ही लॉगिनचं पान बुकमार्क केलंय का? बऱ्याच साइट्सच्या लॉगिन पानाच्या पत्त्यात त्या वेळेपुरता एक कोड असतो, बुकमार्कमधून उघडलं की जुनाच कोड परत जातो आणि गाडी तिथेच अडते. बुकमार्क होमपेजचा ठेवा.

प्रश्न: "टू मेनी रीडायरेक्ट्स" असं येतं आणि पान उघडतच नाही.

वरच्याच दुखण्याचं हे मोठं भावंड. लॉगिन पान म्हणतं "तू आत आहेस, पुढे जा", पुढचं पान म्हणतं "मी ओळखत नाही, मागे जा", असं होत होत क्रोम वीस उड्यांनंतर नाद सोडतो. वर सांगितलं तसं त्या साइटच्या कुकीज काढा. सगळ्यांनाच सगळ्या ब्राउझरवर होत असेल तर तुमच्या हातात काही नाही, चूक सर्व्हरच्या बाजूला आहे. स्वतःची साइट असेल तर आधी हे बघा की मधला प्रॉक्सी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला मध्यस्थ) सर्व्हरशी साध्या एचटीटीपीवर बोलतोय आणि सर्व्हर प्रत्येकाला एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित कनेक्शनवर, पाठवतोय असं तर नाही ना, हा फेरा मी कित्येकदा बघितलाय.

प्रश्न: ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड रोज "चुकीचा" येतो. ॲप काढून परत टाकू का?

थांबा, ॲप काढू नका! ॲपमधे एक गुप्त किल्ली आहे, तुम्ही क्यूआर स्कॅन केला तेव्हा आलेली, बॅकअप नसेल तर ॲपबरोबर ती पण जाईल आणि मग खात्यात शिरायची वाटच बंद.

या कोडना टीओटीपी म्हणतात, २०११ मधे त्याचं स्टँडर्ड आलं. तुमचा फोन आणि सर्व्हर, दोघांकडे तीच किल्ली असते, दोघेही आत्ताची वेळ घेतात, साधारणपणे तिचे तीस सेकंदांचे तुकडे पाडतात आणि किल्ली अधिक वेळ असं गणित करून सहा आकडे काढतात. म्हणूनच नेट बंद असलं तरी ॲप कोड दाखवतं. आणि म्हणूनच फोनचं घड्याळ चुकलं की कोड चुकतो. बरेच सर्व्हर मागचा-पुढचा एखादा तुकडा चालवून घेतात, पण काही मिनिटांचा फरक पडला की संपलं.

आता यातली बारीक गोष्ट. माझ्या एका नातेवाइकांचा फोन मी बघितला, घड्याळ भिंतीवरच्याशी अगदी जुळत होतं आणि तरी कोड चुकत होता. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की ते दुसऱ्या टाइमझोनमधे जाऊन आले होते, ऑटोमॅटिक वेळ बंद होती, आणि तिथे गेल्यावर त्यांनी टाइमझोन तेवढा बदलला होता पण परत आल्यावर झोन तसाच ठेवून काटे हाताने फिरवले. दिसायला वेळ बरोबर, पण कोडचं गणित चालतं यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असणाऱ्या प्रमाणवेळेवर, आणि आतली यूटीसी वेळ काही तासांनी सरकलेली. सेटिंगमधे वेळ आणि टाइमझोन दोन्ही ऑटोमॅटिक केले, पुढचाच कोड चालला.

घड्याळ ठीक असेल तर ॲपमधे त्याच खात्याच्या दोन नोंदी आहेत का बघा. क्यूआर परत स्कॅन केला असेल तर जुनी नोंद तशीच राहते आणि आपण नेमका तिचा कोड टाकत बसतो. आत शिरलात की पहिलं काम, रिकव्हरी कोड (ॲप हाताशी नसलं तर आत शिरायचे राखीव कोड) काढून फोनच्या बाहेर कुठेतरी ठेवा.

प्रश्न: जुन्या लॅपटॉपवर कुठलंही लॉगिन पान उघडलं की "कनेक्शन खाजगी नाही" येतं. "तरीही पुढे जा" करून लॉगिन केलं तर चालेल का?

नाही, अजिबात नाही. बातम्या वाचायच्या असत्या तरी मी विचार केला असता, पण पासवर्ड टाकायच्या पानावर ती सूचना ओलांडायची नाही.

सगळ्याच साइट्सवर येतंय म्हणजे आधी लॅपटॉपची तारीख बघा. साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखीच्या दाखल्याला, "या तारखेपासून या तारखेपर्यंत" अशी मुदत असते, लॅपटॉप स्वतःला कित्येक वर्षं मागे समजत असेल तर त्याच्या लेखी आजची सगळी सर्टिफिकेट्स अजून सुरूच झालेली नाहीत. प्रत्येक वेळी बंद करून चालू केल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरची बॅटरी संपलीये, बऱ्याच मशीनमधे ती सीआर२०३२ म्हणजे नाण्याएवढी गोल बॅटरी असते. तारीख बरोबर असून काही साइट्सवरच येत असेल तर सिस्टिम जुनी आहे, तिच्याकडची विश्वासू रूट सर्टिफिकेट्सची (ज्यांच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेट्स खरी मानतात त्यांची) यादी शिळी झालीये. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक खूप वापरातलं जुनं रूट सर्टिफिकेट संपलं आणि कितीतरी जुनी उपकरणं एका दिवसात अडकली. फायरफॉक्स स्वतःची यादी बरोबर घेऊन येतो, त्यामुळे जुन्या मशीनवर त्याची चालेल ती सगळ्यात नवी आवृत्ती टाकून बघा.

प्रश्न: "गूगलने साइन इन करा" दाबलं की छोटी खिडकी उघडते, बंद होते आणि काहीच होत नाही. इन्कॉग्निटोमधे होतं, म्हणजे कुकीजचाच प्रॉब्लेम ना?

असेलच असं नाही. इन्कॉग्निटोमधे दोन गोष्टी एकदम बदलतात, कुकीज कोऱ्या होतात आणि एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, पण बंद असतात (तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर). त्यामुळे दोष कोणाचा ते त्यावरून कळत नाही. साध्या खिडकीत एकेक एक्स्टेन्शन बंद करून बघा, सुरुवात जाहिराती किंवा ट्रॅकिंग अडवणाऱ्यांपासून.

या लॉगिनमधे दोन वेगळ्या साइट्सना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि गेल्या काही वर्षांत ब्राउझर्सनी नेमकं तेच कडक केलंय. क्रोमने फेब्रुवारी २०२० पासून दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या कुकीजना वेगळी परवानगी मागायला सुरुवात केली, सफारीने त्याच वर्षी मार्चमधे थर्ड पार्टी कुकीज (उघडलेली साइट सोडून दुसऱ्याच साइटच्या) सरसकट बंद केल्या, फायरफॉक्सने २०२२ मधे प्रत्येक साइटच्या कुकीज वेगवेगळ्या कप्प्यात ठेवायचं डीफॉल्ट केलं. हे आपल्या भल्याचंच आहे आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे, पण जुन्या पद्धतीने लिहिलेल्या साइट्स त्यात अडकतात. एक्स्टेन्शनचा दोष नसेल तर फक्त त्या एका साइटपुरती सूट द्या, सगळ्या वेबसाठी संरक्षण काढून टाकू नका.

प्रश्न: पासवर्ड रीसेटची लिंक आली की लगेच दाबतो तरी "लिंकची मुदत संपली".

मेल यायला उशीर होतो म्हणून तुम्ही "परत पाठवा" दोनतीनदा दाबलं असेल, तर बऱ्याच साइट्सवर शेवटची लिंकच चालते आणि आधीच्या रद्द होतात, आपण मात्र इनबॉक्समधली पहिली दिसेल ती दाबतो. एकदाच दाबा आणि थांबा. ऑफिसचा मेल असेल तर आणखी एक शक्यता, सुरक्षेसाठी लिंक तपासणारं सॉफ्टवेअर तुमच्या आधीच ती उघडून बघतं आणि एकदाच चालणारी लिंक तिथेच वापरली जाते. तसं असेल तर खात्याला दुसरा मेल जोडता येतो का बघा, नाहीतर आयटीवाल्यांना सांगा. लिंक मेल ॲपच्या आतल्या ब्राउझरमधे उघडू देऊ नका, कॉपी करा आणि जिथून रीसेट मागितलं त्याच ब्राउझरमधे पेस्ट करा.

प्रश्न: फोनवर पासवर्ड चालतो तो कॉम्प्युटरवर चालत नाही (किंवा उलट).

डोळ्याच्या चिन्हावर दाबून काय टाइप होतंय ते आधी बघा. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, पेस्ट करताना शेवटी एक स्पेस चिकटून येते, आणि आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट म्हणजे मराठी कीबोर्ड चालू राहतो. 1234 आणि १२३४ आपल्याला एकच, पण कॉम्प्युटरला ही पूर्ण वेगळी अक्षरं आहेत, आणि पासवर्डच्या खोक्यात नुसते ठिपके दिसत असल्यामुळे कळतच नाही. हे सगळं ठीक असेल तर ब्राउझरच्या सेव्ह केलेल्या पासवर्डमधे त्या साइटच्या दोन नोंदी शोधा, जुनी सापडली की तेवढीच काढा.