आमच्या बांधावर अंबाडी आहे. तिचा वाख (दोर वळायचा धागा) काढायला दांड्या पाण्यात किती दिवस ठेवायच्या? घायपातीलाही हेच चालेल का?

बांधावरची अंबाडी आहे म्हणताय, म्हणजे चांगला माल हातात आहे. ढोबळ आकडा हवा असेल तर पाणी उबदार असताना दोन आठवड्यांच्या आसपास आणि थंडीत तीन किंवा त्याहून जास्त. पण कॅलेंडर बघून पेंढ्या बाहेर काढू नका. आमच्याकडे घरची दावी-कासरे अंबाडीचेच असायचे आणि जुनी माणसं दिवस विचारायची नाहीत, दांडी उपसून बघायची.

पाण्यात नेमकं काय होतं ते कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. सालीतले धागे एकमेकांना आणि आतल्या काडीला पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्यानं धरलेले असतात. पाण्यातले जिवाणू ते पेक्टिन खातात आणि साल सुटते. या जिवाणूंना तीस ते चौतीस अंश सेल्सिअसचं पाणी सगळ्यात मानवतं. अंबाडी फुलते ऑक्टोबरच्या सुमारास, कापून होईतो थंडी लागते, म्हणून आपल्याकडे वेळ जास्त जातो. पेक्टिन संपल्यावरही पेंढ्या तशाच राहिल्या तर जिवाणू खुद्द धाग्याकडे वळतात. मग वाख दिसायला पांढराशुभ्र, पण पीळ देताना तटकन तुटतो.

कापणी फुलोऱ्यात करा. बोंडं पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर बी मिळेल, पण साल राठ होते आणि सुटायला फार त्रास देते. एकाच झाडाकडून भाजी, बी आणि मऊ वाख असं तिन्ही मागणं जरा जास्तच झालं! कापल्यावर पेंढ्या बांधून तीन-चार दिवस शेतातच उभ्या ठेवा, पाला गळून जातो. अंगाला बारीक काटे असतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

बुडखा जाड असतो, तो शेंड्यापेक्षा उशिरा कुजतो. म्हणून आधी पेंढ्या दोन-तीन दिवस बुडखा पाण्यात ठेवून उभ्या करायच्या आणि मग आडव्या बुडवायच्या. वर वीतभर पाणी हवं, खाली तळाचा चिखल लागता कामा नये. दाबायला दगड ठेवा. मातीची ढेकळं किंवा केळीचे खुंट टाकू नका, त्यातलं लोह आणि टॅनिन एकत्र आलं की वाख काळपट पडतो.

दुसरा आठवडा लागला की रोज पेंढीच्या मधोमधली एक दांडी ओढा. कडेची नको, ती आधी तयार होते. बुडख्याजवळ अंगठ्यानं साल दाबून सरकवा. ती अखंड पट्टीसारखी घसरली आणि खाली काडी स्वच्छ, गुळगुळीत निघाली तर त्याच दिवशी काढायचं. मधेमधे चिकटत असेल तर परत बुडवा. बुडख्यापासून हातभर अंतरावर काडी मोडायची, सुटलेली साल मुठीत धरून पाण्यात झटके द्यायचे, काडी निसटून जाते. वाख वाहत्या पाण्यात खळखळून धुवा, पिळा आणि दोरीवर वाळवा. जमिनीवर पसरलात की माती चिकटलीच. उरलेल्या काड्या वाळल्या की चूल पेटवायला उत्तम.

आता जागा. पिण्याच्या पाण्याचं तळं, विहीर किंवा मासे असलेला डोह अजिबात नको. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि वास असा सुटतो की शेजारी भांडायला येतील. थोड्याच पेंढ्या असतील तर खड्डा खणून त्यात जाड प्लॅस्टिक अंथरा. पाणी मात्र भरपूर हवं, तागाला दांड्यांच्या वजनाच्या वीसपट पाणी चांगलं मानतात. पहिल्या खेपेचं थोडं पाणी पुढच्या खेपेत मिसळलं तर काम लवकर सुरू होतं, विरजणासारखं. बंगालकडचे ताग उत्पादक यासाठी बराकपूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेची क्रायजॅफ सोना ही जिवाणूंची पावडरही वापरतात, पण बांधावरच्या चार पेंढ्यांसाठी तिची गरज नाही.

दोर वळणं ही वेगळी कला आहे. गावात मातंग समाजातलं कुणी जुनं जाणतं माणूस असेल तर त्यांच्याकडे बसून शिका. पीळ कुठे थांबवायचा हे व्हिडिओ बघून कळत नाही.

घायपातीचं म्हणाल तर तिला इतकं कुजवत बसू नका. तिचा धागा सालीत नसून पानाच्या गरात असतो. ताजं पान ठेचून, फळीवर बोथट पात्यानं गर खरवडून लगेच धुतलं की वाख निघतो आणि चकाकी टिकते. रस अंगाला लागला तर भयंकर खाजतं, हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका.